तीन शिफ्टचं घर

टेपचं टोक खिडकीच्या गजात अडकवलं आणि मागे मागे सरकत गेले, तर चार पावलांत पाठ भिंतीला टेकली. नऊ फूट चार इंच. पुन्हा मोजलं, तेवढंच भरलं. या खोलीत आम्ही चार माणसं, लोखंडी कपाट, खाट, टेबल, शिलाई मशीन, दोन निळे ड्रम आणि वर्षभराचे तांदूळ असे सगळे मावत होतो, यावर माझाच विश्वास बसेना. माझ्याकडून घर लावून घेणारी माणसं याच्याहून मोठी न्हाणीघरं बांधतात.

मोहोपाड्याच्या कॉलनीतलं हे आमचं क्वार्टर. दुसरा मजला, डावीकडचं दार. रसायनांची कंपनी केव्हाच बंद झाली, माणसं पांगली, दारांवरचे रंगवलेले नंबर तेवढे राहिले. आता ही बिल्डिंगही पाडणार आहेत. किल्ली हसनचाचांकडे होती. एके काळी ते कॉलनीचे सुतार होते, आता उरल्यासुरल्या बिल्डिंगांवर नजर ठेवतात. दार उघडून देऊन ते जिन्याच्या कठड्याला टेकले आणि मी वहीत आकडे लिहीत खोलीभर फिरत राहिले. खिडकीपासून दार, दारापासून मोरी, मोरीपासून ओटा, आणि पुन्हा खिडकी.

"अगो बस की जरा," चाचा म्हणाले. "आल्यापास्नं फिरतंयस नुस्ती."

बसायचं कशावर? आणि बसायला मी आलेच नव्हते. मला हे घर मोजून कर्जतला न्यायचं होतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, या पावसाळ्यापासून माझ्याकडे कर्जतला आहेत. रिटायर झाल्यावर ते आणि आई खालापूरजवळ आमच्या गावी राहायला गेले. आई गेली, मग काचबिंदूने आप्पांची नजर कडेकडेने खात आणली. आता उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढंच त्यांना कळतं. मी एकटीच राहते, घर मोठं आहे, आणि मुख्य म्हणजे घर कसं लावावं हे मला कळतं असा माझा समज होता. तोच तर माझा धंदा आहे. कडाव, वदपच्या बाजूला मुंबईकरांनी बांधलेले बंगले मी लावून देते. पलंग कुठे, दिवा कुठे, लिहायचं टेबल खिडकीला पाठ करून की तोंड करून, असल्या गोष्टी मी दिवसभर लोकांना पटवत असते. मधली जागा मोकळी ठेवा, भिंतींना श्वास घेऊ द्या, हे तर मी झोपेतही बोलत असेन.

आप्पांसाठी मी तेच केलं. सगळं सामान भिंतींना लावलं, मधे काही म्हणजे काही ठेवलं नाही. गावाहून त्यांच्याबरोबर जुनं लोखंडी कपाटही आलं होतं. ते मला शोभेसं वाटेना, म्हणून त्याची रवानगी आतल्या खोलीच्या कोपऱ्यात केली. दुसऱ्याच आठवड्यात आप्पा त्या मोकळ्या जागेत पडले. मी धावले तेव्हा ते हॉलच्या मधोमध बसले होते आणि दोन्ही हातांनी आजूबाजूची हवा चाचपत होते.

"मधी कायच नाय गं बाय," ते म्हणाले. "हात लावाया कायच नाय."

मिलिंदने, माझ्या धाकट्या भावाने, पुण्याहून फोनवर सगळा निकाल लावून टाकला. "ताई, तुला दिवसभर बाहेर फिरावं लागतं. मी त्यांना इकडे आणतो. माणूस ठेवू. पलंगावर बसून राहतील, पण पडणार तर नाहीत." फोन स्पीकरवर होता. आप्पा ऐकत होते. ते पायांनी पलंगाखालच्या चपला शोधू लागले. दुपारी चहाचा कप हातात देताना मला हळूच म्हणाले, "बाय, मला तिकडं नको धाडू. तितं मला बसवून ठेवतील."

मिलिंद येत्या शनिवारी गाडी घेऊन येणार होता. मी त्याच्याशी भांडून आणखी एक आठवडा मागून घेतला. पुढच्या शनिवारपर्यंत आप्पा माझ्या घरात कुणाच्या आधाराशिवाय वावरायला लागले तर राहतील, नाहीतर जातील, असं ठरलं. आठवडा मागून तर घेतला, पण त्यात करायचं काय हे मला ठाऊक नव्हतं.

मग एक गोष्ट लक्षात आली. सकाळी जाग आली की आप्पांचा डावा हात आपोआप वर जायचा, गज शोधल्यासारखा, आणि मग खाली यायचा, पाण्याचा तांब्या शोधत. माझ्या घरात डावीकडे गजही नाही आणि तांब्याही नाही. गावच्या घरातही नव्हता. तो हात अजून क्वार्टरमध्ये राहत होता. हे कळल्यावर मला स्वस्थ बसवेना. सोमवारी स्कूटर काढली आणि चौकमार्गे मोहोपाडा गाठलं. दोन्ही बाजूंना भात झोडायचं काम चाललं होतं, रस्त्यावर पेंढा सांडला होता, आणि नाकात पेंढ्याचा वास असताना मी पेंढ्याच्या नव्हे, कंपनीच्या वासाची वाट पाहत होते.

तो वास आता राहिलेला नाही. आंबट, थोडासा सडक्या कैरीसारखा असायचा. पाताळगंगा नदीकडून वारा आला की जास्त. पाहुणे नाकाला पदर लावायचे आणि आम्हाला कळायचंच नाही की यांना झालं काय. आप्पांच्या खाकी शर्टाला तो होता, उशीला होता, आमच्या वह्यांनासुद्धा होता. आज त्या रिकाम्या खोलीत मी भिंतीजवळ जाऊन हुंगून पाहिलं. चाचा बघत होते. बघोत.

आप्पांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, आणि शिफ्ट बदलली की आमचं घर बदलायचं. ही काही आमच्या एकट्याच्या घरची तऱ्हा नव्हती. रविवारी सकाळी नऊ-साडेनऊपासून सगळ्या बिल्डिंगमध्ये फरशीवरून लोखंड ओढल्याचे आवाज सुरू व्हायचे. वरून, खालून, शेजारून. आई छताकडे बघून म्हणायची, "वरच्यांची नाईट लागली." कपाट कुठून निघून कुठे थांबलं, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. आम्हा दोघांना त्या वेळी घरात थारा नसे. पायावर काही पडेल म्हणून हातात पिशवी देऊन आई आम्हाला नाक्यावर पिटाळायची, मटण नाहीतर बोंबील आणायला. आम्ही परत येईपर्यंत घर फिरलेलं असायचं. दारात उभं राहून आधी बघायचं, आज आपण कुठल्या घरात आलो.

नाईटच्या घरात खाट आत, ओट्याच्या अंगाला जायची आणि कपाट खोलीच्या मधे आडवं उभं राहायचं, भिंत होऊन. त्याची रंग न दिलेली पाठ आमच्याकडे. त्या पाठीमागे आप्पा दिवसा झोपायचे. खिडकीला गोधडी लावलेली, स्टोव्ह गॅलरीत हलवलेला, आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच आई चमच्याने ती उचलून वाफ सोडून द्यायची. घरात कुणी आवाजात बोलायचं नाही. मिलिंद आणि मी त्या आठवड्यांत आवाज न करता भांडायला शिकलो. नुसते चिमटे, नुसते डोळे, नुसते दात. गोधडीच्या भोकातून उन्हाची एक रेघ कपाटाच्या पाठीवर यायची आणि तिच्यात धूळ तरंगायची. पलीकडे आप्पांचं घोरणं. ती रेघ कपाटाच्या कडेला पोचली की चार वाजलेत हे आम्हाला समजायचं आणि आम्ही खेळायला सुटायचो.

सेकंडचं घर आईचं. दुपारी तीनला आप्पा गेले की मशीन खिडकीत यायचं, शेजारणी यायच्या, फरशीभर चिंध्या आणि हसणं. त्या आठवड्यात एक नियम कडक होता. दारापासून ओट्यापर्यंतची वाट अडवायची नाही. आप्पा यायचे तेव्हा आम्ही झोपलेले असायचो, आणि आमची झोप मोडू नये म्हणून ते दिवा न लावता जेवायला बसायचे.

आणि फस्टचं घर. ते माझं होतं. खाट खिडकीखाली, तिच्या पायथ्याशी टेबल, कपाट दाराच्या बाजूला, ड्रमांवर पाट टाकून केलेली बैठक. आप्पा दुपारी घरी यायचे, लाल साबणाने आंघोळ करून खाटेवर पाय सोडून बसायचे आणि टेबलावरची माझी वही समोरून, उलटीच वाचायचे. गणित चुकलं की नुसतं बोट ठेवायचे. बोलायचे नाहीत, मीच शोधायचं. संध्याकाळचा भोंगा झाला की आई दिवा लावायची आणि आम्ही वंदनेला उभे राहायचो. बुद्धाची मूर्ती कपाटावर असायची. तीही कपाटाबरोबर दर आठवड्याला जागा बदलायची, त्यामुळे हात जोडायच्या आधी कुठे तोंड करायचं ते बघून घ्यावं लागे.

मूर्ती भिंतीवर का नाही? तर कंपनीचा नियम. क्वार्टरच्या भिंतीला खिळा मारायचा नाही. आरसा गजाला टांगलेला, दप्तरं गजाला, छत्र्या गजाला. आईने एकदाच चोरून एक खिळा ठोकला होता. तपासणीला माणूस येणार म्हटल्यावर तो उपटून भोकात टूथपेस्ट भरली. नंतर कळलं, सगळी कॉलनी हेच करत होती. तपासणीच्या दिवशी जिन्यात पेपरमिंटचा घमघमाट. मिलिंदने भिंत चाटून पाहिली होती, गोड लागते म्हणाला.

फर्निचर सगळं चाचांच्या हातचं. कंपनीत मशिनं ज्या पेट्यांतून यायची त्या पेट्यांच्या फळ्या कामगारांना मिळायच्या आणि चाचा त्यांची टेबलं, खाटा, मांडण्या करून द्यायचे. त्यामुळे घरोघरी लाकडावर काळ्या रंगात छापलेली छत्री, काचेचा पेला आणि वर दाखवणारा बाण. आमच्या टेबलाचा बाण खाली दाखवायचा. मिलिंदचं म्हणणं होतं की टेबल उलटं बसवलंय, म्हणून त्याला अभ्यास येत नाही. त्याने चाचांकडे तशी तक्रारही नेली होती.

"आटवतंय तुमाला?" मी चाचांना विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझी जीभ आपोआप तिकडची झाली.

"आटवतंय तर," चाचा हसले. "मी बोल्लो, अरं, टेबलाला काय ठावं वर कुटं हाय ते."

मग ते आत आले आणि पायाने फरशीवरची धूळ बाजूला सारली. खाली गंजाचे गोल डाग होते. कपाटाच्या पायांचे. चार दाराजवळ, चार खिडकीच्या भिंतीला, आणि चार खोलीच्या अगदी मधे.

"यातलं आप्पांचं घर कोनचं, चाचा?"

"तिनी तेचीच की. तुला कोनचं पायजे?"

मी क्षणभरही विचार केला नाही. दाराजवळचे चार डाग मोजून वहीत उतरवले, म्हणजे फस्टचं घर. मला जे आवडायचं ते. आप्पांना कुठलं आवडायचं हे विचारावं, हे माझ्या मनातही आलं नाही.

मंगळवारी दोन माणसं लावून मी माझा हॉल फिरवला. पलंग खिडकीखाली, त्याच्या पायथ्याशी माझं कामाचं टेबल, कपाट कोपऱ्यातून काढून दाराच्या बाजूला. अंतरं इंचाइंचाने जुळवली. डावीकडे तांब्यासाठी स्टूल. सगळं झाल्यावर आप्पांना पलंगावर बसवलं. त्यांचा हात वर गेला, गज सापडला. खाली आला, तांब्या सापडला. माझा जीव आनंदून गेला. "काय आप्पा, ओळखलंत?"

"बरं हाय," आप्पा म्हणाले.

त्यानंतर रोज बरंच होतं. पडले नाहीत. पण ते पाहुण्यासारखे वावरत होते. टेबलाला हात लागला की पटकन मागे घ्यायचे, जणू कुणाच्या वस्तूला हात लावला. स्वयंपाकघरात जायचं तर मला हाक मारायचे. बुधवारी तीनदा, गुरुवारी चारदा. शुक्रवारी मी चिडले. "अहो, तीच मांडणी आहे, तेच अंतर आहे, मग अडतंय कुठे?" मी गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गॅलरीत गेले. शनिवारी मिलिंदचा मेसेज आला, पुढच्या आठवड्यात किती वाजता येऊ. मी उत्तर दिलं नाही. आप्पांचे दोन शर्ट धुवायला टाकले, वाळल्यावर घडी केली, आणि त्या घड्या बॅगेसाठी आहेत हे कळल्यावर पुन्हा मोडल्या.

रविवारी सकाळी मी बाजारात गेले. सुके बोंबील घेतले. परत येऊन माझ्या बिल्डिंगचा जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो आवाज आला. फरशीवरून लोखंड ओढल्याचा. एक ओढ, मग थांबणं, मग पुन्हा ओढ. पिशवी हातात धरून मी तिथेच उभी राहिले. किती वर्षांनी ऐकत होते. मग भान आलं आणि धावत वर गेले.

आप्पा घामाने निथळत होते. कपाट आधी रिकामं केलेलं, कपड्यांचे गठ्ठे पलंगावर नीट रचलेले. पाठ कपाटाला लावून, पाय रोवून ते त्याला ढकलत होते.

"आप्पा! काय चाललंय? पडला असतात म्हणजे?"

"आज आयतवार ना गं?"

"मग?"

"मग काय मग? किती दिस एकाच जागी ठेवायचं?"

"पण ही फस्टची मांडणी आहे. मी मोजून आणली तुमच्यासाठी."

"वळाकली मी. बराबर हाय तुजी. पन ती तू लावलीस. मी नाय लावली."

"तेव्हा तरी कुठे तुम्ही लावायचात? आई लावायची."

आप्पा हसायला लागले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "तुजी आय? तिची कंबर कवा धड होती गं? ती दारात उबी राहून सांगायची, मी वडायचो. तुमी दोगं बाजारात. मी जे वडून ठेवलं, ते माज्या पाठीला ठावं असायचं. मंग डोळं उगडायला लागायचं नाय. ड्यूटीवरनं यायचो तवा डोळं कुटं उगडे असायचे माजे? झोपेतच चालायचो."

मला माझीच लाज वाटली. किती घरं लावली मी, आणि ज्याला राहायचंय त्याला एक खुर्चीसुद्धा उचलू दिली नाही. मी पिशवी ठेवली आणि कपाटाच्या दुसऱ्या बाजूला गेले.

"नुस्ती धर," आप्पा म्हणाले. "वडू नको."

दुपारपर्यंत त्यांनी माझ्या हॉलची पार वाट लावली. टेप नव्हता, वीत आणि कोपर होतं. सोफा खोलीच्या मधोमध, शेताच्या बांधासारखा, त्याच्या कडेने चालायला. पलंगापासून हातभर अंतरावर खुर्ची, खुर्चीपासून हातभर टेबल, टेबलापासून थेट स्वयंपाकघराची चौकट. कुठेही हात मोकळा पडणार नाही असं. गॅलरीतला उजेड अर्धा कपाटाने अडवला. माझ्या एखाद्या गिऱ्हाईकाने हे पाहिलं असतं तर पुन्हा बोलावलं नसतं. मला दर पाच मिनिटांनी काहीतरी सांगावंसं वाटत होतं, आणि दर पाच मिनिटांनी मी ओठ दाबून धरत होते.

मग ते उठले. हाताची मागची बाजू वस्तूंवरून फिरवत, न थांबता, पलंगाकडून खुर्ची, टेबल, चौकट, ओटा. भांडं काढलं, पाणी प्यायले. तसेच परत, सोफ्याच्या कडेने, गॅलरीच्या दारापर्यंत. तिथे कठड्याला हात लावून उभे राहिले. मला हाक मारली नाही.

"हितनं माथेरानचा डोंगर दिसतो ना गं?" त्यांनी विचारलं.

"दिसतो."

"बरं," म्हणाले, आणि कपाटाकडे वळले. त्यांना ते अजून वीतभर अलीकडे हवं होतं.

तेवढ्यात मिलिंदचा फोन आला. शनिवारी किती वाजता, ते विचारायला. मी काही बोलणार तोच मागे लोखंड फरशीवरून करकरत गेलं.

"ताई, कसला आवाज हा?"

"आप्पा कपाट सरकवतायत."

आता ओरडेल म्हणून मी फोन कानापासून लांब धरला. तो ओरडला नाही. मागे पुन्हा एक ओढ झाली, थांबली, पुन्हा झाली.

"एकटेच ओढतायत?" त्याने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"मला धरू देतात. ओढू देत नाहीत."

"शनिवारी येतोय मी," तो म्हणाला.

"न्यायला?"

तो म्हणाला, "रविवारपर्यंत राहतो. तुझ्याच्याने ते कपाट हलायचं नाही."

मी फोन ठेवला. रडू येत होतं आणि बसायला खुर्ची शोधत होते, तर एकही जागेवर नव्हती. "इकडं ये," आप्पा सोफ्यावर थाप मारून म्हणाले, "हितं हाय बसायला." मी गेले आणि जाताना टेबलाचा कोपरा मांडीला सणकून लागला.